दिवे बंद करून कीबोर्ड पाहा

वसईच्या माणिकपुरात घरी कॉम्प्युटर आला की मुलांची पुढची मागणी मेकॅनिकल गेमिंग कीबोर्डची असते, आणि वडीलधाऱ्यांचा आक्षेपही ठरलेला असतो: पाचशे रुपयांच्या कीबोर्डवर हीच अक्षरे उमटतात, मग अडीच-तीन हजार कशाला? दुकानदार उलट बाजूने एक कोटी अडुसष्ट लाख रंग आणि ८००० हर्ट्झचे आकडे सांगतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. बटणाखाली काय आहे, हे दोघेही पाहत नाहीत.

आधी वडीलधाऱ्यांचा आक्षेप घेऊ. स्वस्त कीबोर्डात बटणांखाली रबराचे फुगे असतात. अक्षर उमटायला बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावे लागते, आणि रबर थकले की एक बटण कडक, दुसरे ढिले होते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. चेरी कंपनीच्या रेड स्विचचे बटण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच नोंदले जाते. दिवसभर लिहिणाऱ्याच्या बोटांना हा फरक संध्याकाळी कळतो.

‘आवाज फार होतो’ ही तक्रार वन-रूम-किचनमध्ये रास्तच आहे. मात्र ती टिकटिक ब्लू स्विचची. रेड आणि ब्राउनमध्ये ती नसते. राहतो तो बटण तळाला आपटल्याचा आवाज, आणि हात हलका ठेवला की तोही कमी होतो. ‘हे पोरांचे खेळणे’ म्हणणाऱ्यांनी टीव्हीएस गोल्ड आठवावा. हा मेकॅनिकल कीबोर्ड कितीतरी हिशेबनिसांनी आणि बिलिंग काउंटरांनी वर्षानुवर्षे बडवला आहे.

आता दुकानदाराचा दावा. १००० हर्ट्झचा कीबोर्ड दर मिलिसेकंदाला खबर देतो, ८००० हर्ट्झचा मिलिसेकंदाच्या आठव्या भागाला. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. त्या फरकासाठी घरच्या खेळाडूने जास्तीचे पैसे मोजू नयेत. दिव्यांनी तर स्प्रिंग सुधारत नाही. खरे उपयोगी वैशिष्ट्य वेगळेच आहे: एकाच वेळी दाबलेली सगळी बटणे नोंदली जाणे. पळता पळता उडी मारताना तिसरे बटण हुकले, तर दोष खेळाडूचा नसतो.

चांगला कीबोर्ड मराठी लिहिणाऱ्याच्याही कामाचा आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत ‘प्रश्न’ लिहायला सहा ठोके लागतात: प, हलन्त, र, शिफ्टसह श, पुन्हा हलन्त, न. ख, थ, फ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी सराव करणाऱ्या वसई-विरारच्या मुलामुलींची करंगळी शिफ्टवर सतत राबत असते. त्यांच्यासाठी चांगला कीबोर्ड हे कामाचे हत्यार आहे.

म्हणून दुकानात कीबोर्डचे दिवे बंद करायला सांगा. स्पेस, शिफ्ट आणि एंटर कोपऱ्यांवर दाबून पाहा. स्वस्त माल आधी तिथेच खुळखुळतो. बिघडलेला स्विच सोल्डरिंगशिवाय उपसून नवा बसवता येतो का, ते विचारा. बटणे पीबीटी प्लॅस्टिकची घ्या. एबीएसची लवकर तुळतुळीत होतात. हिशेबाचे काम असेल तर नंबर पॅड नसलेला कीबोर्ड कितीही देखणा असला तरी नको. वायर सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण वायर तुटली म्हणून अख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही.

आणि एक मागणी ठामपणे करा: बटणांवर देवनागरी अक्षरे. दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक गेमिंग कीबोर्डांवर ती नसतात. कीबोर्डवर लाखो रंग बसवणाऱ्या कंपन्यांना क आणि ख छापणे जड नाही. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून ते छापत नाहीत. तेव्हा मागायला हवे.