परिचारिका महापौर झाली, पण दवाखान्याचे काय?

27 एप्रिल 2020. करोनाने सगळ्यांची झोप उडवली होती. त्या दिवशी मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. राजकारणात येण्याआधी त्या परिचारिकाच होत्या. आम्हा परिचारिकांना तेव्हा बरे वाटले, ते का लपवा? सलाईन लावणारी, बेडपॅन उचलणारी बाई महापौरांच्या खुर्चीत बसली होती.

पण उमेदवार आपल्यातला आहे एवढ्यावर मत देऊन भागत नाही. त्या खुर्चीच्या हातात काय असते, तेही पाहिले पाहिजे.

महापौर आपण थेट निवडत नाही. मुंबईत आपण 227 नगरसेवक निवडतो आणि ते आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांतही नगरसेवकच महापौर निवडतात. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याप्रमाणे कारभार आयुक्तांच्या हाती असतो आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमते. मोठ्या खर्चाला स्थायी समिती मंजुरी देते. महापौर सभागृह चालवतात, प्रशासनाला जाब विचारू शकतात. पण दवाखान्यात परिचारिका नेमण्याचा हुकूम त्यांच्या सहीने निघत नाही. म्हणून परिचारिका महापौर झाली, तरी एका परिचारिकेमागे किती रुग्ण, हा हिशेब आपोआप बदलत नाही.

मार्च 2022 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. दवाखान्याचे गाऱ्हाणे घेऊन जायला वस्तीला नगरसेवकच उरला नव्हता.

तेव्हा आयाबहिणींनो, प्रश्न दारात मत मागायला आलेल्या उमेदवारालाच विचारा.

दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवणार का? धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडा करून रांगेत का उभे राहायचे?

रुग्णालयातली परिचारिकांची रिकामी पदे कायमची भरायला लावणार, की कंत्राटावर भागवणार?

घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना मानधनावरच ठेवणार का?

क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. मध्येच खंड पडला तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. गोळ्या संपल्या तर सभागृहात कोण बोलणार?

आणि शेवटचा प्रश्न: तुमचा पक्ष महापौर कोणाला करणार, आणि आरोग्याबद्दल त्या व्यक्तीने आजवर काय भूमिका घेतली आहे?

मिळालेले उत्तर तारखेसह वहीत लिहा. वस्तीच्या बैठकीत ते सर्वांसमोर वाचा. अर्थसंकल्प आला की पुन्हा तीच वही घेऊन नगरसेवकाच्या दारात जा. त्या दिवशी आम्हीही तुमच्यासोबत येऊ.