थिबा पॉइंटवर ध्यान लागत नाही

थिबा पॉइंटच्या कठड्याला टेकायचं, भाट्याच्या खाडीपलीकडे सूर्य बुडताना बघायचा, दोन लांब श्वास घ्यायचे आणि ‘मेडिटेशन झालं’ म्हणत गाडीत बसायचं, ही रत्नागिरीतली नवी टूम. निसर्गात चाललं की ध्यान आपोआप लागतं म्हणे. आपोआप लागते ती भूक.

बौद्ध परंपरेत चालत केलेल्या ध्यानाला ‘चंकम’ म्हणतात, आपल्या मराठीत चंक्रमण. त्याला डोंगरमाथा लागत नाही. वीस-पंचवीस पावलांची सपाट वाट पुरे. टोकाला जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. लक्ष पावलावर: उचललं, पुढे नेलं, टेकलं. अंगुत्तर निकायात चंकमाचे पाच लाभ सांगितलेत. प्रवासाची ताकद येते, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली समाधी फार काळ टिकते. पचन आणि समाधी एकाच यादीत! देखाव्याचं मात्र नाव नाही.

उलट बाजूचे म्हणतात, ध्यान म्हणजे मांडी घालून डोळे मिटणं. चालणं हा नुसता व्यायाम. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांचं इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे, तिथे भर बैठकीवर, म्हणून महाराष्ट्रात हा समज घट्ट बसला. पण त्याच ब्रह्मदेशातल्या महासी सयाडोंच्या परंपरेत तासभर बैठक आणि तासभर चाल, अशी आलटूनपालटून साधना असते. थिबा राजा तिथलाच. गादीवर येण्याआधी तो विहारात शिकला, पाली ग्रंथांच्या परीक्षेत उतरला. १८८६ ते १९१६ इथे नजरकैदेत राहिला आणि इथेच गेला. त्याचं नाव आपण दिलं ते सूर्यास्ताच्या जागेला.

तिसरा आक्षेप मला खरा झोंबतो. मंडणगडकडचा माझा बौद्ध मित्र म्हणतो, “अरे, आमची माणसं १९२७ साली चवदार तळ्यापर्यंत चालत गेली ती पाण्याच्या हक्कासाठी. तुझं हे सावकाश पाऊल म्हणजे भरल्या पोटाचे चोचले.” चूक नाही त्याचं. कोकणात कुठल्या पाखाडीवरून कोणी जायचं हेसुद्धा जन्मावर ठरत होतं. पण बुद्धाचं चालणंही दोन तऱ्हेचं होतं. बोधीनंतर एक आठवडा तो चंकम करत होता असं परंपरा सांगते. पुढे सारनाथपर्यंत पायी गेला आणि पंचेचाळीस वर्षं गावोगाव चारिका, म्हणजे भ्रमंती, केली. चंकमामुळे चारिका अडली नाही.

आणि निसर्ग? तो वर्षावासाच्या नियमात सापडतो. भिक्खू पावसाळ्यात हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहायचं ठरलं. निसर्ग समोर बघायचा नाही, पायाखाली सांभाळायचा.

गेल्या ऑगस्टात त्या मंडणगडकडच्या मित्राला सड्यावर नेलं. चपला गडग्यापाशी ठेवल्या. जांभा ओला, खडबडीत, तळव्याला टोचणारा. कातळावर जिथे चिमूटभर माती तिथे सीतेची आसवं फुललेली. तो वैतागत चालत होता. अकराव्या-बाराव्या पावलाला त्याचा पाय हवेतच थांबला. खाली नखाएवढं बेडकाचं पिल्लू.

“आता?” तो म्हणाला.

“थांब जरा.”

पिल्लाला घाई नव्हती. तो एका पायावर डुलत उभा राहिला, शिव्या घालत.