तिथी न आठवणाऱ्यांची अमावास्या

2025 साली 21 सप्टेंबरच्या रविवारी दोन दिवस एकत्र आले: पंचांगातली सर्वपित्री अमावास्या आणि जागतिक अल्झायमर दिन. सर्वपित्रीची तजवीज शहाणपणाची आहे. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही, ज्यांचे श्राद्ध राहून गेले, त्या सगळ्यांचे या दिवशी करावे. एरवीही नावाने उल्लेख होतो तो मुख्यतः बाप, आजा आणि पणजा यांचा. त्यापलीकडचे नाव आज किती घरांत सांगता येईल? माणूस विसरणार, हे परंपरेने धरूनच ठेवले होते. अल्झायमर दिन विसरण्याकडे आजार म्हणून पाहतो, आणि तेही तितकेच आवश्यक आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

त्याच वर्षी स्मृतीचे दोन मोठे अभ्यासक गेले. जानेवारीत लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर आणि जूनमध्ये पॅरिसचे इतिहासकार पिएर नोरा. मॅग्वायर प्रसिद्धीस आल्या त्या टॅक्सीचालकांमुळे. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25 हजार रस्ते तोंडपाठ लागतात. या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो, असे त्यांनी 2000 मध्ये दाखवले. पुढचा हिस्सा लहान आढळला होता, पण त्याची बातमी फारशी झाली नाही. पाठांतराची किंमत कोणाला ऐकायची असते?

आमच्या मते त्यांचे खरे मोठे काम 2007 मधले. हिप्पोकॅम्पसला इजा होऊन आठवण गमावलेल्या रुग्णांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच काम दिले: डोळ्यांपुढे एखादा समुद्रकिनारा आणा आणि काय दिसते ते सांगा. बहुतेकांना ते जमेना. दिसले ते तुटक तुकडे; सलग दृश्य उभे राहीना. म्हणजे गेलेले आठवणे आणि न घडलेले कल्पणे, या दोन्हींना मेंदूतली एकच जागा लागते. या शोधनिबंधाचे पहिले लेखक डेमिस हसाबिस. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळलेल्या या संशोधकाला 2024 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्राला त्याआधीच कळले होते. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 जणांना मोटार-अपघाताची फीत दाखवली. काहींना विचारले, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, चक्काचूर झाला तेव्हा किती होता. आठवड्याने विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्या का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी ‘चक्काचूर’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना ती दिसली होती, ‘धडकल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांना.

पुण्याने हा प्रयोग दोनशे वर्षे आधी, फार महागात केला होता. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला. चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेतही पडला. तरी 1776 मध्ये तो सुटून कोकणात फौज जमवतो आणि भाऊंना पाहिलेली माणसेही त्याला भाऊ मानतात, हे कसे? सगळेच काही लबाड नव्हते. राजकारण होते, पेशव्यांच्या कारभाऱ्यांवरचा राग होता. पण भाऊ परत यावेत ही आसही होती, आणि त्या आसेने डोळ्यांपुढचा चेहरा जुन्या चेहऱ्याशी जुळवून घेतला. त्याला अखेर देहदंड झाला. पानिपताचे हे दुखणे बखरींनीही आपापल्या परीने रंगवले. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो 1750 ते 1761 च्या पत्रांचा. त्या त्या दिवशी लिहिलेले पत्र आणि मागाहून सांगितलेली हकिकत यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बखर मात्र टाकाऊ नव्हे. काय घडले हे कळायला पत्रे लागतात. ते लोकांनी कसे सोसले, हे बखरीतच सापडते.

इथे नोरा येतात. त्यांच्या संपादनाखाली 1984 ते 1992 या काळात फ्रान्सच्या ‘स्मृतिस्थळां’चे सात ग्रंथ निघाले, त्यांत तिरंगी झेंडा आहे, तशी सायकलशर्यतही. त्यांचे म्हणणे असे की जगण्यातून आठवण हद्दपार झाली की तिची स्मारके सुरू होतात. आपल्याकडे याला पुरावा आहे. दळण गिरणीवर गेले आणि ओवीचा रोजचा प्रसंग संपला. मग गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांना गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा कराव्या लागल्या. स्मृतीचे नियम कायद्याने घालावेत यालाही नोरांचा विरोध होता, आणि 2005 मध्ये त्यासाठी त्यांनी संघटना काढली. पुतळ्यांच्या आणि नामांतरांच्या वादांत रमणाऱ्या महाराष्ट्राने त्यांचे एवढे तरी वाचावे.

आपल्या विद्यापीठांत मेंदू, मानसशास्त्र, इतिहास आणि लोकसाहित्य यांच्या खोल्या वेगळ्या आहेत, आणि त्यांना जोडणारा जिना नाही. रुग्णाची मात्र अशी वाटणी होत नाही. अल्झायमरमध्ये सहसा कालचे आधी जाते आणि लहानपणचे बराच काळ राहते. त्या लहानपणाशी बोलायला गावाची बोली, सण, गाणी ठाऊक असलेला माणूस लागतो. स्मृतिचिकित्सालयांत मेंदूतज्ज्ञासोबत असा माणूस नेमणे विद्यापीठांना आणि सरकारलाही परवडण्यासारखे आहे.

वाचकांना एवढेच सांगणे: सर्वपित्रीला पानावर बसण्याआधी घरातल्या थोरांना गेलेल्यांविषयी विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या. कोणी, कधी सांगितले तेही लिहा. आत्याचे आणि काकांचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही ठेवा. आणि माळ्यावरची पत्रे रद्दीत देऊ नका.