न घेतलेल्या रजेचा भाव

आवक-जावक

डिसेंबर उजाडला की सरकारी कार्यालयांतली ज्येष्ठ मंडळी एकदम गावाकडे निघतात. सणवार काही नसतो. कारण सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबात असतं. राज्याच्या 1981 च्या रजा नियमांनुसार 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवसांची अर्जित रजा ('ईएल') आगाऊ जमा होते. साठ्याची कमाल 300 दिवस. ज्याचं खातं भरलंय, त्याचे नवे 15 दिवस वेगळे दाखवतात आणि सहा महिन्यांत घेतले नाहीत तर ते व्यपगत. म्हणून जून-डिसेंबरात अर्जांची रीघ, आणि रिकामं टेबल शेजारच्याच्या गळ्यात.

मुळात 300 दिवस साठतात कसे? तर निवृत्तीच्या वेळी त्यांचे पैसे मिळतात म्हणून. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले दहा महिने, वर करमुक्त. त्यामुळे तापानं फणफणलेला कारकून आधी आठ किरकोळ रजा संपवेल, मग डॉक्टरचा दाखला जोडून परिवर्तित रजा मागेल (पाच दिवसांना अर्धवेतनी खात्यातून दहा गेले तरी बेहत्तर), पण 'ईएल'ला हात लावणार नाही. त्याचं काय चुकलं? न घेतलेल्या रजेला भाव सरकारनंच लावलाय.

रोखीकरण बंद करा, असं मी म्हणत नाही. नियम म्हणतो, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीसाठी ती नाकारता येते. कबूल. पण कधी कधी माणसाला घरी धाडण्यातच लोकांचं हित असतं. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये बँकांना बजावलं, की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान 10 कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवा. यात विश्रांतीचा कळवळा नाही. माणूस खुर्चीत नसला की त्याच्या टेबलावर काय शिजत होतं ते कळतं, एवढाच हेतू. बिगरशेतीच्या आणि बिलांच्या फायली हाताळणारी टेबलं काय कमी संवेदनशील आहेत? शिवाय ते काम दुसऱ्या कुणाला तरी शिकावंच लागेल, म्हणजे 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' हे उत्तरही बंद.

वर्षाच्या 30 दिवसांपैकी 10 सलग घ्यायलाच लावा. उरलेले 20 साठवले तरी 15 वर्षांत 300 भरतात. तिशीत नोकरीला लागलेल्याचा निवृत्तीचा एक रुपयाही बुडत नाही.

— जावक लिपिक