कॅम्पची फी आईच्याच पगारातून का?



आमच्याकडे न्यू जर्सीत जूनअखेर बंद झालेल्या शाळा थेट सप्टेंबरात उघडतात. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, दोन्ही मुलांच्या डे कॅम्पचे पैसे भरले आणि फोनवर सहज बोलून गेले, "माझा दोन महिन्यांचा पगार यातच गेला." सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, "मग एवढी दगदग कशाला करतेस गं?"

त्यांचं काय चुकलं? हिशेबच मी तसा मांडला होता.

नंतर टॅक्सचे कागद नीट वाचले. तेरा वर्षांखालच्या मुलांना सांभाळण्याचा खर्च आईवडील दोघंही कामावर जातात म्हणून करावा लागला, तर त्यावर क्रेडिट मिळतं. फॉर्म 2441 भरायचा. एका मुलामागे 3,000 डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, दोन किंवा जास्त असतील तर 6,000. 2025 साठी आमच्यासारख्या घरांना त्याचे 20 टक्के, म्हणजे दोन मुलांचे फार तर 1,200 डॉलर. फीच्या मानाने फारच थोडे. पण सरकारी फॉर्मसुद्धा हा खर्च दोघांच्या नोकरीचा धरतो, आणि आपण घरात तो एकटीच्या नावावर टाकतो!

दिवसाचा कॅम्प पोहण्याचा असो की कॉम्प्युटरचा, चालतो. रात्री मुक्कामाचा नाही, मग ते आपलं धार्मिक शिबिर का असेना. मला तरी डे कॅम्पच बरा वाटतो. डबा घरचा, कंदमुळाची काळजी नाही आणि मुलं दिवस मावळायच्या आत घरी जेवतात. कॅम्पवाल्यांकडून त्यांचा टॅक्स नंबर मात्र आठवणीने मागून ठेवा.

ऑफिसात डिपेंडंट केअर एफएसए असेल तर तोही बघा. त्यात टॅक्स लागण्याआधीच पगारातून पैसे बाजूला ठेवता येतात. घरामागे मर्यादा 5,000 डॉलर होती, 2026 पासून 7,500 झाली. एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. 7,500 पूर्ण घेतले तर क्रेडिट उरत नाही. आम्ही नोव्हेंबरात हिशेब करून एफएसए घेतला, आणि मुद्दाम यांच्या पगारातून.

यंदा सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, "फी आमच्या दोघांच्या पगारातून जाते."

"बरं," त्या म्हणाल्या, "आणि डब्याला काय देतेस?"