संशोधनाची वाट रुग्णाच्या उशापासून

जालना जिल्ह्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याला त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. या महाविद्यालयातून डॉक्टर बाहेर पडावेत, ही अपेक्षा स्वाभाविकच होय. परंतु तेथे संशोधनही व्हावे, असे कोणी म्हटले तर ऐकणारे हसण्याचाच संभव अधिक. संशोधन म्हणजे महानगरांतील श्रीमंत प्रयोगशाळांची मिरासदारी, हा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे. तो किती पोकळ आहे, हे डॉ. नोशीर वाडिया यांच्या कार्यावरून ध्यानी येते.

लंडनमधील शिक्षण आटोपून वाडिया १९५७ मध्ये मुंबईस परतले आणि सरकारी जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जासंस्थेच्या विकारांचा विभाग उभारला. तेथे येणाऱ्यांत काही रुग्ण असे होते की, चालताना त्यांचा तोल जाई आणि बोलताना जीभ अडखळे. मद्याला कधी न शिवलेल्या माणसालाही अशा चालीमुळे मद्यपी ठरविले जाते. लघुमेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाची ही लक्षणे वैद्यकाला ठाऊक होती. वाडियांनी मात्र रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहिले. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर निमिषार्धात झेप घेते. या रुग्णांची नजर संथपणे सरकत असे. डॉ. आर. के. स्वामी यांच्यासह त्यांनी अशा ९ कुटुंबांचा वृत्तान्त १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा विकाराचा एक वेगळाच प्रकार असल्याचे दाखवून दिले.

पुढे २५ वर्षांनी, १९९६ मध्ये, ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया-२’ या विकाराचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा मर्यादेबाहेर पुनरावृत्त होतो आणि मेंदूतील पेशी झिजू लागतात. १९९८ मध्ये वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मंद नजरेच्या त्या जुन्या लक्षणाचाच त्यांनी नव्याने परामर्श घेतला. यंत्राने जे उशिरा सांगितले, त्याची चाहूल सावध डोळ्यांना आधीच लागली होती.

हा रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. मग या शोधाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. रोगाचे नाव कळले म्हणजे दैवाचा कोप, करणी आणि व्यसनाचा आळ यांतून कुटुंब मुक्त होते, हा पहिला उपयोग. प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, हे सांगून त्यांना वेळीच सल्ला देता येतो, हा दुसरा. आणि औषध शोधावयाचे तर रोग नेमका कोणता, हे आधी ठरावे लागते.

क्यूबा देशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील होल्गीन प्रांतात याच विकाराचे रुग्ण फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. तेव्हा संशोधन व पुनर्वसनाचे केंद्र राजधानी हवानात न काढता होल्गीनमध्येच काढण्यात आले. जेथे रुग्ण, तेथे विद्या, हा साधा न्याय त्या लहान देशाने पाळला.

जालन्याला हे अशक्य नाही. कंपवात, स्मृतिभ्रंश आणि आनुवंशिक तोलभंग यांच्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवावयास, घराण्यातील तीन पिढ्यांची माहिती लिहून घ्यावयास आणि त्याच रुग्णाला वर्षानुवर्षे पुन्हा तपासावयास कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. लागतो तो तज्ज्ञ अध्यापक आणि त्याची वारंवार बदली न करणारे शासन. अशा नोंदींची गुप्तता मात्र कसोशीने पाळली पाहिजे. अन्यथा विवाह जमविताना हीच माहिती एखाद्या मुलीच्या आयुष्यावर शाप होऊन बसेल.

भोकरदन वा मंठ्याहून वृद्ध पित्याला घेऊन आलेल्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. त्याला केवळ गोळ्यांची चिठ्ठी देऊन वाटेस लावावयाचे, की पित्याचे चालणे, बोलणे आणि पाहणे धीराने न्याहाळावयाचे, हे या महाविद्यालयाला पहिल्या काही वर्षांतच ठरवावे लागेल. इमारती पुढेही बांधता येतील. पाहण्याची सवय मात्र आरंभीच लागावी लागते.