गैरहजेरीचा हिशेब

परदेशचे नागरिकत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा येतो, शपथ येते, टाळ्या येतात. त्याच्या आधी एक अर्ज असतो, हे कोणी सांगत नाही. आणि अर्ज म्हणजे हिशेब! अमेरिकेत ग्रीन कार्डावर, म्हणजे कायमचा रहिवासी म्हणून राहणाऱ्याला नागरिक व्हायचे असले की ‘एन-४००’ नावाचा अर्ज भरावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे होते, तेव्हा तो अर्ज ओळ न् ओळ वाचला. मराठीच्या प्राध्यापिकेला त्यात काय कळणार, असे वाचकांना वाटेल. पण वीस वर्षे वर्गात हजेरी घेतलेल्या माणसाला तो चटकन कळतो. कारण मुळात तो हजेरीपटच आहे.

नियम असा : ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाली पाहिजेत, अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन संसार चालू असेल, तर तीन. या पाच वर्षांपैकी निदान तीस महिने माणूस प्रत्यक्ष त्या देशात असला पाहिजे. आमच्या कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. अमेरिका निम्म्यावर भागवते! पाच वर्षे पुरी होण्याआधी नव्वद दिवस अर्ज टाकता येतो, म्हणजे तेवढी सवलतही आहे.

पहिली अडचण आली ती नावांची. आजवर वापरलेली सगळी नावे लिहा, असे अर्ज सांगतो. भावाचे ठीक होते. पण त्याच्या बायकोचा अर्ज? आपल्याकडे लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, नि कुठे कुठे तर तांदळाच्या ताटात पहिले नावही नवे लिहितात. एकाच बाईची डिग्री एका नावाची नि पासपोर्ट दुसऱ्याच! वहिनी म्हणाली, “ताई, मी एकटी आहे की तिघीजणी आहेत, असंच त्यांना वाटेल.”

पण खरी गंमत पुढे आहे. पाच वर्षांत चोवीस तासांहून अधिक काळ देशाबाहेर गेलेला प्रत्येक प्रवास लिहावा लागतो. गेल्याची तारीख, आल्याची तारीख. अमेरिका येताना नोंद करते. जाताना पासपोर्टवर शिक्का मारीत नाही. मुंबईचा शिक्का असतो, पण विमान तिथून आज निघते नि इथे उद्या पोचते, म्हणजे एक दिवसाचा घोळ. त्यात आमच्या भावाच्या पासपोर्टवरचे दोन शिक्के इतके पुसट, की शेवटी पुण्याला आईला फोन केला. आई जुनी कालनिर्णये टाकीत नाही. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, नि त्याच चौकोनात ‘बाळ आला’, ‘बाळ गेला’. पाच वर्षांचा हिशेब तिने पंधरा मिनिटांत वाचून दाखवला.

त्या हिशेबात एक प्रवास लांबलचक निघाला. ९ ऑगस्ट २०२२ ला गेला, १९ फेब्रुवारी २०२३ ला परत. आई न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी. सहा महिने नि वर दहा दिवस! नेमके हे दहा दिवसच आडवे आले. तीस महिन्यांची हजेरी भरत होती. पण कायद्याला हजेरीखेरीज ‘अखंड वास्तव्य’ही लागते. एका वेळी सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलात, की ते तुटले असे धरून चालतात. नाही तुटले, हे तुम्ही सिद्ध करायचे.

एका स्नेह्याने सल्ला दिला, “अहो, दहा-बारा दिवस इकडचे तिकडे लिहा, कोण बघतंय?” बघणारे पुष्कळ असतात, विमानाच्या नोंदी सरकारजवळ असतातच. शिवाय मुलाखतीत शपथेवर खोटे सांगितले, तर ती गोष्ट क्षुल्लक असली तरी ‘चारित्र्य चांगले’ या अटीतच माणूस नापास होतो. भाऊ म्हणाला, “आईसाठी गेलो होतो, ते लपवू कशाला?” तारखा होत्या तशाच लिहिल्या.

मग पुराव्यांची जमवाजमव. मी आपली भाबडेपणाने म्हटले, “हॉस्पिटलचे कागद जोड, त्यांना दया येईल.” पण कायद्याचा मुख्य रोख ‘का गेलात’ यावर नाही, ‘इथे काय ठेवून गेलात’ यावर आहे. नोकरी सोडली नव्हती ना? बाहेर दुसरी धरली नाही ना? बायकोमुले इथेच होती ना? घर तुमच्या ताब्यात होते ना? बिनपगारी रजेचे पत्र, घराचे हप्ते, कराचे दाखले, मुलीच्या शाळेचे प्रगतिपुस्तक, सारे फायलीत गेले. आईचा एक्स-रे तळाशी राहिला.

हे सारे जाचक वाटेल. पण आपल्या लोकांना हा अर्ज करण्याचा हक्कसुद्धा सहज मिळालेला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात चाकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तुम्ही ‘गोरे’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. हे दार १९४६ च्या कायद्याने उघडले.

आज दारात परीक्षा आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना १२८ प्रश्नांचा अभ्यास. त्यांतले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. आठवीतली पुतणी बापाची उजळणी घेते, हे दृश्य मोठे सुखाचे!

त्यानंतर शपथ, नि तीत आधीच्या निष्ठेचा त्याग. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलमही तितकेच स्पष्ट आहे : आपखुशीने दुसरे नागरिकत्व घेतले, की भारताचे संपले. पासपोर्ट परत करायचा नि ‘ओसीआय’ कार्ड घ्यायचे. त्यावर जन्मभर येता-जाता येते. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

हे फोनवर आईला समजावून सांगितले. ती जरा थांबून म्हणाली, “म्हणजे आता याला माझ्याकडे यायला कार्ड लागणार?” भावाला उत्तर सुचेना. मीच म्हटले, “एकदाच काढायचं, आई. जन्मभर चालतं.”

“मग काढू दे,” ती म्हणाली. “आणि त्या लांबलेल्या दिवसांचं काही विचारलं, तर माझं कालनिर्णय पाठवा. तो इथं होता, ते सगळं लिहिलंय त्यात.”

अर्ज गेला आहे. मुलाखतीची तारीख यायची आहे. ज्या वाचकांची मुले परदेशी आहेत, त्यांना एवढेच सांगणे : या दिवाळीत ती घरी आली, की कॅलेंडरवर तारीख टिपून ठेवा. येण्याची तर आपण हौसेने लिहितोच, जाण्याचीही लिहा.